तळ्याकडं ओढणारं टेबल

आबा, काल मी जवळजवळ साठ वर्षांनी क्यू हातात धरला आणि माझा बॉल चुकला. उजवीकडे, बोटभर. तुमचा चुकला होता तेवढाच. पिंपरीच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी मी उभी हयात काढली आहे, तेव्हा मापाचं मला कुणी शिकवू नये. बोटभर म्हणजे बोटभर. नातू हिंजवडीला एका कंपनीत आहे. काल त्यांच्याकडे घरच्या माणसांना ऑफिस बघायला बोलावलं होतं. तुम्हाला ठाऊक असलेली हिंजवडी म्हणजे भाताची खाचरं आणि दोन आंब्याची झाडं, आता जिकडं बघावं तिकडं काचा. त्या काचांच्या आत, जेवायच्या जागेशेजारी, एक टेबल ठेवलं आहे. आपल्या टेबलाच्या निम्म्यानंही नाही. त्याला पूल म्हणतात, पंधरा रंगीत बॉल असतात, आणि पोरं चहाचे कप टेबलाच्या कडेवर ठेवून खेळतात. कडेवर, आबा! तुम्ही असता तर कपासकट पोराला उचलून बाहेर ठेवलं असतं. नातू म्हणाला, "आजी, मारतेस का?" सगळी हसली. मला आला राग. पदर खोचला, क्यू उचलला आणि त्याच्या टोकाला खडू लावला, तशी पोरांनी कडेवरचे कप उचलले. मी म्हटलं, बाकीचे बॉल बाजूला करा, फक्त पांढरा ठेवा. हलकेच मारला. समोरच्या कडेला लागून तो सरळ परत माझ्या क्यूच्या टोकाला येऊन टेकायला हवा होता. नाही आला. बोटभर उजवीकडून निघून गेला. परत मारला, परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. नातवानं विचारलं, "आजी, दर वेळी उजवीकडंच कसा जातो गं?" मी त्याला एक उत्तर दिलं. घरी आल्यापासून ते उत्तर टोचतं आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही गेलात त्यालाही आता खूप वर्षं झाली. पण मला तुम्ही म्हातारे आठवतच नाही. आठवता ते मुळशी धरणावरच्या क्लबातले. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, गोरे साहेब निघून गेले होते आणि त्यांच्या खुर्च्यांवर आपले साहेब बसत होते. तळ्याच्या काठाला कौलारू क्लब, आत फळ्यांच्या जमिनीची एक लांब खोली, आणि त्या खोलीत ते आठ पायांचं बिलियर्डचं टेबल. दगडी लादीचं, वरती ताणून बसवलेली हिरवी लोकरी बनात. तुम्ही तिथले मार्कर. म्हणजे साहेब लोक खेळायचे तेव्हा गुण पुकारायचे, क्यू काढून द्यायचे, रोज सकाळी बनातीवर ब्रश फिरवायचा, आठवड्याला इस्त्री करायची, आणि टेबल सरळ ठेवायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, हे तुम्हीच मला सांगितलंत. "टेबल वाकडं झालं तर त्ये टेबलाचं पाप न्हाई, मार्करचं." क्लबाच्या लांब खिडकीतून सगळं तळं दिसायचं आणि त्या पाण्याखाली तुमचं गाव होतं. धरण झालं तेव्हा तुम्ही जेमतेम चालायला लागला होता. गावातलं तुम्हाला काही म्हणजे काही आठवत नव्हतं, तरी पाण्याकडं बोट करून सांगायचात, हितं आमचं घर, तितं चिंच, तितं देवळाची पायरी. आई म्हणायची, "व्हय, आन तितं तुमचा हत्ती बांदलेला." तुम्ही हसायचात आणि परत सांगायचात.

सकाळी साहेब कचेरीत गेले की क्लब रिकामा. मी झाडायला यायची, कारण आईला झाडणं जमायचं नाही. धूळ उडाली की तिचा दमा उसळायचा. झाडून झालं की तुमचा सराव चालायचा आणि मी बघत बसायची. मग एकदा साहेबांच्या हातून मोडलेला एक क्यू तुम्ही तासलात, माझ्या उंचीचा केलात, टोकाला कातडं डकवलंत आणि माझ्या पुढ्यात धरलात. मी अकरा वर्षांची. आजूबाजूच्या कुठल्या बापानं पोरीला असलं काही दिलं असेल असं मला वाटत नाही. "कुनाला सांगू नगंस," एवढंच म्हणालात. मी आजवर त्याहून चांगली वस्तू हातात धरलेली नाही. लग्नात मिळालेली पाटलीसुद्धा नाही.

तुमचे सराव चार. पहिली बाटली. सोड्याची रिकामी बाटली आडवी ठेवायची आणि तिच्या तोंडातून क्यूचं टोक आत-बाहेर न्यायचं, काचेला शिवायचं नाही. पंधरा दिवस मला बॉल दिलाच नाहीत, नुसती बाटली. काच वाजली की तुम्ही पाठ असतानासुद्धा म्हणायचात, "शिवली." दुसरा चिंचोका. बनातीवर चिंचोका ठेवायचा, लाल बॉल मारून झाला की आपला पांढरा त्या चिंचोक्याजवळ येऊन थांबला पाहिजे. तिसरा मरता बॉल. इतका हलका मारायचा की समोरच्या कडेला टेकला आणि तिथंच मेला. त्यात तुमचा हात कुणी धरू शकत नव्हतं. साहेब लोक दणादण मारायचे, तुम्ही मांजरीच्या पिल्लाला ढकलावं तसा बॉल ढकलायचात. आणि चौथी येरझार, तुमची सगळ्यात लाडकी. टेबलाच्या मधोमध ओळीत ठिपके असतात. या टोकापासून त्या ठिपक्यांवरून बॉल पाठवायचा, समोरच्या कडेवर आपटून तो त्याच वाटेनं परत यायला हवा आणि तसाच धरून ठेवलेल्या क्यूच्या टोकाला टेकायला हवा. टेकला की बारीक टिक् वाजतं. चुकला तर क्यूच्या बाजूनं जाऊन अलीकडच्या कडेवर ठप्प करून बसतो. टिक् आणि ठप्प. एकदा मी दहातले नऊ टिक् केले आणि तुमच्याकडं बघितलं, शाबासकी मिळेल म्हणून. तुम्ही म्हणालात, "धाव्याला माती खाल्लीस. परत एकपासनं." मी रडले. तेव्हा तुम्ही शेजारी बसलात आणि म्हणालात, "डोक्याला न्हाई शिकवायचं बाय, हाताला शिकवायचं. डोकं इसरतंय. हाताला एकदा कळलं की त्यो मरंस्तवर इसरत न्हाई." ते खरं होतं. किती खरं, ते तुम्हालाही पुढं कळलं आणि मलाही.

आता टेबलाचं सांगते. मी क्यू धरायला शिकले तेव्हा ते आधीच झुकलेलं होतं. डोळ्याला दिसायचं नाही, पण हलका बॉल सोडला की डावीकडे, खिडकीकडे, तळ्याकडे सरकायचा. दोन वर्षांआधीच्या पावसाळ्यात हे सुरू झालं होतं. तुम्ही कंदील घेऊन टेबलाखाली पालथे पडलात, आठही पाय तपासलेत. पायांखाली गोऱ्या मिस्त्र्यानं ठोकलेल्या, एका बाजूनं लाल रंगवलेल्या लाकडी पाचरी होत्या, त्या जागच्या जागी दिसल्या. सेक्रेटरी साहेबांना सांगितलंत, मिस्त्री बोलवा. ते म्हणाले, "अहो, आम्हाला तर काही फरक वाटत नाही. पुढच्या वर्षी बघू." दणादण मारणाऱ्याला कुठला फरक वाटणार? तुम्हाला वाटत होता. मला विचारलंत, "झाडताना काय हलवलंस का गं?" मी म्हटलं, "न्हाई." मग बऱ्याच दिवसांनी एकदा खिडकीशी उभे राहून म्हणालात, "मला कळलं. गाव वढतंय. इतक्या वर्सांनी त्याला ठावं झालं की मी हितं काठावर हाय." हसत म्हणालात, पण तुमचा त्यावर विश्वास होता. त्या दिवसापासून राग गेला. येरझार मारताना नेम बोटभर उजवीकडे धरायचा, मग गाव बॉल ओढून आणतं आणि तो बरोबर टोकाला येतो, असं तुम्ही हाताला शिकवलंत. मलाही तसंच शिकवलंत. तुम्ही सहा वर्षं मारल्यात, रोज सकाळी, शंभर-शंभर येरझारा.

गाव नव्हतं ओढत, आबा. सांगते. मी नऊ वर्षांची होते. आपल्या घरात पाण्याचे हंडे ठेवायची लाकडी घडवंची होती, तिचा एक पाय तोकडा. हंडा काढला की ती डुगडुगायची आणि पाणी सांडायचं. जमीन मातीची, सदा ओल. आई ओणवी होऊन ते पुसायची, मग भिंतीला धरून धापा टाकायची. मला ते बघवायचं नाही. एक दिवस क्लबात खिडकीकडच्या पायाखाली झाडू घालताना लागली एक लाल पाचर. तिथं दोन होत्या, आतली घट्ट आणि बाहेरची सैल. बाहेरची बोटानं हलली. उन्हाळा होता, फळ्या सुकून ताठ झालेल्या, तिच्यावर काही भारच नव्हता. मी ती ओढून काढली, घरी आणली आणि घडवंचीखाली बसवली. लाल बाजू भिंतीकडं केली, कारण चोरी आहे एवढं कळत होतं. घडवंची गप्प झाली. आईनं तांब्या बुडवून बघितला, हंडा हलवून बघितला आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "माजी गुनाची बाय ती," म्हणाली. पाऊस लागला, फळ्या फुगल्या, दबल्या, आणि तो कोपरा खाली बसला. तुम्ही आतली पाचर बघितलीत, बाहेरही एक होती हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार? बारा वर्षांची झाले, येरझार मारायला लागले, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. दुसऱ्या दिवशी झाडायला जाताना पाचर घेऊन गेले, परत घालायला. आबा, आता तिथं नख शिरेना. सगळ्या टेबलाचा भार त्या पायावर आला होता. मी टाचेनं ठोकलं, झाडूच्या दांड्यानं ठोकलं. शेवटी घरी येऊन ती पुन्हा घडवंचीखाली सारली. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही. तुम्ही मधूनमधून विचारायचात, काय हलवलं व्हतंस का गं, आठवून बघ. मी म्हणायची, न्हाई. तुम्ही येरझारेचा सराव करत होतात आणि मी त्या एका शब्दाचा.

आईचा दमा वाढत होता. ताम्हिणीकडनं एकदा पाऊस आत शिरला की मुळशीत चार महिने सूर्य म्हणून दिसत नाही. गोधड्या ओल्या, भिंतींना बुरशी, चुलीत धूर. क्लबात टेबलाखाली दोन शेगड्या पेटत्या ठेवायच्या, बनात ओली होऊ नये म्हणून. ते निखारे विझायच्या आत तुम्ही पाटीत भरून पळत घरी आणायचात आणि आईच्या पायाशी ठेवायचात. टेबलाची काळजी क्लबाला होती, आईची फक्त तुम्हाला. पौडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "हिला कोरड्या हवेत हलवा. इथले आणखी पावसाळे हिला झेपणार नाहीत." आणि त्याच उन्हाळ्यात पुण्याचे एक पाहुणे क्लबात आले, तुमचा मरता बॉल बघितला आणि तोंडात बोट घातलं. पुण्याच्या त्यांच्या क्लबातला म्हातारा मार्कर नोकरीतून सुटणार होता. मागच्या बाजूला मार्करची खोली, फरशीची, दोन खिडक्यांची, कोरडी ठणठणीत. एकदा येऊन हात दाखवा, म्हणाले. आई त्या दिवशी दारात उभी राहून तुम्हाला बघत होती आणि हसत होती. मला म्हणाली, "तू बी जा संगं. खोली बघून ये. चूल कुटं मांडायची ह्ये ह्यांना काय कळतंय?"

आपण एस.टी.नं निघालो. मी पंधरा वर्षांची. सकाळीच घडवंचीखालची पाचर काढून मी पिशवीत भाकरीच्या खाली घातली होती. वाटेत सांगायचं असं ठरवलं होतं. पौड गेलं, भूगाव गेलं. तुम्ही खिडकीशी बसून मांडीवर बोटानं काहीतरी मोजत होता आणि तुमचे ओठ हलत होते. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर यांचा हात हलेल. तुम्ही भाकरी मागितलीत, ती मीच काढून दिली. तुम्हाला पिशवीत हात घालू दिला नाही. तुम्ही म्हणालात, "घाबरलीस व्हय? मी न्हाई घाबरलो बग." तुमच्या हाताला घाम होता, भाकरीवर ओले ठसे उमटले.

क्लबात मला आत घेतलं नाही. व्हरांड्यात बसवलं. दार लोटलेलं, दिसत काही नव्हतं, पण मला दिसायची गरजच नव्हती. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी म्हणालं, आधी सरळ स्ट्रोक दाखवा, वरखाली दहा वेळा. तुमचीच लाडकी येरझार. तुम्ही इतकं हलकं मारलंत की बॉल निघाल्याचा आवाजसुद्धा जेमतेम आला. समोरच्या कडेवर लागला. परत यायला लागला. ठप्प. परत मारलात. ठप्प. आता कळलं असेल, आता नेम सरळ करतील, असं मी मनात म्हणतेय. ठप्प. कुणीतरी खोकलं. तुम्ही थांबलात, खडू लावल्याची खसखस ऐकू आली. ठप्प. दहाच्या दहा, आबा. एकसुद्धा टिक् नाही. मी दोन्ही हातांनी पिशवी आवळून बसले होते आणि पाचरीचं टोक मला मांडीत रुतत होतं.

तेव्हा तो तिथला म्हातारा मार्कर बाहेर आला. पांढऱ्या मिशा, गळ्यात मफलर. माझ्याजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "पोरी, तुझ्या बापाचा हात लई गोड हाय. असा हात म्या जल्मात दोनदाच बघितला. पर दर टायमाला एकाच बाजूला, एकाच मापानं जातंय. असं चुकणाऱ्याचं न्हाई हुत. तुमचं टेबल वाकडं हाय का? त्यो तर बोलत न्हाई. तसं आसंल तर सांग, मी सायबास्नी सांगतो. पंदरा दिस हितं सराव केला की हात सरळ हुतंय." हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. असा एक माणूस त्या दिवशी व्हरांड्यात आला होता आणि त्यानं मला असं विचारलं होतं. मी फक्त व्हय म्हणायचं होतं. पण टेबल वाकडं म्हटलं की का वाकडं हे येणार, आणि मार्करचं टेबल वाकडं म्हटलं की तुमची मान खाली जाणार, म्हणून तर तुम्हीही आत तोंड उघडत नव्हता. हे सगळं मी आज मांडतेय. त्या वेळी यातलं काही मनात यायच्या आत माझं तोंड बोलून गेलं होतं. "न्हाई. आमचं टेबल सरळ हाय." सराव होता ना. तो मफलर सारखा करत आत गेला.

खोली आपण बघितलीच नाही. घरी आई दारातच होती. तिनं तुमचं तोंड बघितलं आणि आत जाऊन पाणी आणलं. त्या दिवशी घडवंची डुगडुगली, पाणी सांडल्याचा आवाज मला ऐकू आला. तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि तिला म्हणालात, "डोक्याला कळत व्हतं गं. पयल्याच बॉलला कळलं. हाताला न्हाई कळलं. हात आपला गावाचा हिशेब धरून उजवीकडं मारत ऱ्हायला. पुन्यात वढायला गाव कुटं हाय?" आणि रडलात. मी तुम्हाला त्याआधी रडताना बघितलं नव्हतं. आई धापा टाकत तुमच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "बरं झालं. मला तिथं कुटं करमलं असतं?" मी संध्याकाळी पाचर पुन्हा घडवंचीखाली सारली, लाल बाजू भिंतीकडं. आई तो पावसाळा कशीबशी निभावली. पुढचा नाही. श्रावणात गेली, भर दुपारी, बसल्या जागी, तुम्ही निखारे आणायला गेला होतात तेव्हा. तुम्ही पाटी घेऊन दारात आलात आणि उभेच राहिलात. पाटीतले निखारे विझेपर्यंत उभे होता.

मग माझं लग्न झालं, मी पिंपरीला गेले, कारखान्यात लागले. पहिल्याच आठवड्यात तिथं माझ्या हातात लेव्हल दिली, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. मी ती घेऊन मोरीत जाऊन रडले. बायकांना वाटलं घरची आठवण आली. क्लब बंद पडला, टेबल सुटं करून कुणी नेलं. तुम्ही त्याच घरात एकटे राहिलात. मी यायची तेव्हा आपण काठावर बसायचो आणि तुम्ही माझ्या पोरांना सांगायचात, तुमच्या आज्याला गाव वढायचं बरं का, लई वढाळ गाव. पोरं खिदळायची. मी दर खेपेला ठरवून यायची आणि न सांगता जायची. कारण तुमच्याकडं आता ते गावच उरलं होतं. ते काढून घेऊन मी तुम्हाला काय देणार होते? एक लाकडाचा तुकडा?

तुम्ही गेल्यावर घर आवरायला मी एकटीच आले. घडवंची उचलली. खाली पाचर होतीच, पाण्यानं कडांना काळी पडलेली. पण आबा, लाल बाजू बाहेर होती. मी खाली बसले. आई जाऊन वर्षं झाली होती, मी तर नव्हतेच. घर सारवायला घडवंची हलवणारे तुम्हीच. ती पाचर तुम्ही हातात घेतली असणार. तिचा रंग तुम्ही ओळखणार नाही? आठही पायांखाली तसल्याच पाचरी रोज बघणारा माणूस तुम्ही. कधी सापडली तुम्हाला? आई गेल्यावर लगेच, की कितीतरी नंतर? त्यानंतरही तुम्ही माझ्या पोरांना गावाचं सांगत होता आणि मी शेजारी बसून ऐकत होते. कधी माझ्याकडं बघितलंत का? मला आठवत नाही. मी नेहमी पाण्याकडं बघायची. मला राग येतो तुमचा. एकदा तोंडात मारायची होतीत, मोकळी झाले असते. ती पाचर तुम्ही फेकली नाहीत, चुलीत घातली नाहीत. तिच्या जागी परत ठेवलीत आणि तिच्यावर आईचा हंडा.

हे पत्र कुठं टाकायचं नाही हे लिहायला घेतानाच ठाऊक होतं. ती पाचर मी एका डब्यात जपून ठेवली आहे, घडी करून त्यातच ठेवीन. एवढं लिहून शेवटी मान्य करायचं ते एकच. काल नातवानं विचारलं, आजी, दर वेळी उजवीकडंच कसा जातो गं, तेव्हा खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. विचारणारा पंचविशीतला पोरगा, दुखावणारं कुणी उरलेलं नाही, मीच ऐंशीच्या घरात. मी तोंड उघडलं. आणि म्हटलं, "आमच्या टेबलाला गाव ओढायचं रे. तुझ्या पणजोबांचं, तळ्याखालचं." तो इतका खूश झाला, आबा. म्हणाला, परत सांग. आणि मी परत सांगितलं.